गरीब देशांत मानसिक आरोग्यसेवा वाढवताना पाश्चात्त्य समजुती लादल्या जातात का?

लादल्या जातात, पण बहुतेक जण बोट दाखवतात तिथे नाही. "नैराश्य हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्याकडे एकत्र कुटुंब असतं" हे मला साफ अमान्य आहे. मी सांगली जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. भरल्या घरात माणूस आतून खचलेला पाहिलाय आणि औषधोपचारांनी उभा राहिलेलाही.

समजूत दडलेली असते ती पद्धतीत. दुखणं एकट्या माणसाच्या आत आहे, तो ते परक्यापुढे मोकळेपणी सांगेल, आणि प्रश्नावलीतले गुण कमी झाले की तो बरा झाला, असं धरून चाललेलं असतं.

ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन आम्ही पलूस तालुक्यात फिरत होतो. जगभर ही खूप वापरतात. एका घरी पन्नाशीच्या काकू, दारात सासूबाई बसलेल्या. झोपेचं विचारलं तर म्हणाल्या, "कशी लागंल? दोन म्हशी दावणीलाच गेल्या. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आन् पंचनाम्यात आमचं नाव न्हाई." कागदावर खूण झाली 'जवळजवळ रोज' या रकान्यात. म्हशी आणि पंचनाम्याला रकानाच नव्हता. भुकेचं विचारलं तर, "समद्यांचं झाल्यावर उरंल ते खाती." सासूसमोर त्या याहून जास्त काय सांगणार?

त्यांना डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, आम्ही तलाठ्याकडे खेटे घातले, आणि बचत गटाच्या बैठकीनंतर त्या आमच्याशी निवांत बोलू लागल्या. बरं नेमकं कशानं वाटलं, हे वेगळं काढता येणार नाही.

2007 साली 'लॅन्सेट'च्या लेखमालेने गरीब देशांत ही सेवा वाढवा अशी हाक दिली, आणि 2008 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी कार्यक्रम आखला. त्यात 'उपचारांतली दरी' मोजतात, म्हणजे गरज असूनही किती जणांना उपचार मिळत नाहीत ते. मिरजेच्या दर्ग्यात किंवा औदुंबरला जाऊन ज्याला खरंच आधार मिळाला, तोही या हिशेबात उपचाराविना राहिलेलाच. डेरेक समरफील्डसारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी अशा मोजमापावर टीका केली आहे आणि ती मला पटते.

पण म्हणून संस्कृतीच्या नावाखाली सगळंच पोटात घालायचं नाही. 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण गेले. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंगात येणं, भूतबाधा यांच्या नावाने होणाऱ्या छळाविरुद्ध आयुष्य वेचलं. जादूटोणाविरोधी कायदा झाला तो 2013 साली, त्यांच्या खुनानंतर. आमच्या भागात तरी हे कुणी विसरू नये.

झिंबाब्वेत हरारेला 2006 पासून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर प्रशिक्षण घेतलेल्या आज्या लोकांशी बोलतात. त्यांची पद्धत मुळात पाश्चात्त्यच आहे, पण आधी कोणती अडचण हाती घ्यायची हे समोरचा माणूस ठरवतो. माझ्या मते सगळा फरक तिथे पडतो.

आम्हीही आता आधी विचारतो, "सध्या सगळ्यात जास्त घोर कशाचा लागलाय?" मग ते नऊ प्रश्न. नववा, मरणाच्या विचारांचा, मात्र कधीच गाळत नाही. उत्तर 'हो' आलं तर तणनाशक-कीटकनाशकाच्या बाटल्या त्याच दिवशी घराबाहेर काढायला लावतो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर घरच्यांना देतो आणि कुणीतरी सोबत घेऊन सिव्हिलला पाठवतो.