आरोग्य-शंका : शरीरातले मेद खवट होतात का?

प्रश्न : माझं वय ६२. शरीरातले मेद आतल्या आत खवट होतात आणि त्यातून म्हातारपण नि आजार येतात, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं का? तसं असेल तर ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घ्याव्यात का? मुलगी घे म्हणते, नवरा थट्टा करतो.

उत्तर : व्याख्यात्यांनी सांगितलं ते खोटं नाही, अर्धवट आहे.

पोटावरची चरबी तूर्त विसरा. खरा मामला पेशीच्या आवरणाचा आहे. त्यातल्या काही मेदाम्लांमध्ये एकाहून जास्त दुहेरी बंध असतात. आवरण लवचीक राहतं ते त्यांच्यामुळेच. पण अशा दोन बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल बसलेला असतो. एखादा फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीविना एक इलेक्ट्रॉन उरलेला उतावीळ रेणू, तो ओढून नेतो, रिकाम्या जागी ऑक्सिजन चिकटतो, आणि आता हाच बिघडलेला रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन पळवतो. मग साखळीच लागते. बाटलीतलं तेल खवटतं तेही याच रसायनाने.

या मोडतोडीतून मॅलोनडायअल्डिहाइडसारखे पदार्थ निघतात आणि प्रथिनांना, डीएनएला जाऊन चिकटतात. मॅलोनडायअल्डिहाइड मोजायला प्रयोगशाळेत नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्यात धरली की छान गुलाबी रंग येतो. विद्यार्थी खूश होतात. मात्र साखरेसारख्या इतर गोष्टीही या चाचणीत लुडबुड करतात, त्यामुळे ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चा, म्हणजे अशा मोडतोडीच्या ताणाचा, आकडा छापलेला रिपोर्ट कुणी पुढे केला, की मी तो बाजूला ठेवते.

आजारांशी नातं सर्वांत स्पष्ट दिसतं ते धमन्यांत. भिंतीत शिरलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, असंच ऑक्सिडाइज झालं की भक्षक पेशी ते गिळत सुटतात, फुगून फेसाळ दिसू लागतात, आणि तिथे थर साचतो. उतारवयातल्या हृदयाच्या स्नायूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशींत पिवळट-तपकिरी कण दिसतात. ते लिपोफ्युसिन, म्हणजे अशाच बिघडलेल्या मेद-प्रथिनांचा न निघालेला कचरा.

एवढ्यावरून म्हातारपणाचं कारण सापडलं म्हणावं, तर नेकेड मोल रॅट आडवा येतो. तिशी ओलांडणारा हा उंदरासारखा प्राणी. साध्या उंदराला तीन-चार वर्षं मिळाली तरी पुष्कळ. तरीही मोल रॅटच्या मेदांची हानी उंदरापेक्षा कमी नव्हे, जास्तच आढळली आहे. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडलेला, फ्री रॅडिकलच्या हानीतून म्हातारपण येतं असं सांगणारा सिद्धान्त इथे अडखळतो.

आता गोळ्या. ई जीवनसत्त्व ती साखळी खरोखर तोडतं, म्हणून आशा मोठी होती. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत हृदयरोगाचा धोका असलेल्या स्त्री-पुरुषांना रोज ४०० युनिट देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. ‘सिलेक्ट’ चाचणीत तर तेवढ्याच मात्रेने पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला २०११ मध्ये दिसला. शिवाय फ्री रॅडिकल हे नुसते शत्रू नव्हेत; जंतू मारायला आपल्याच पांढऱ्या पेशी ते मुद्दाम बनवतात.

तेव्हा यजमानांची थट्टा या खेपेला ऐकून घ्या. तंबाखू, रक्तदाब आणि एलडीएल यांच्याकडे लक्ष दिलंत तर धमन्यांना जास्त फायदा होईल. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा मुळीच नको. रक्तस्राव वाढू शकतो.