केळीचा मुनवा, उसाचं टिपरं आणि माव्याची लेक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : केळ्यात बी नसतं, मग केळीचा वंश चालतो कसा?

केळं आडवं कापून पाहा. मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील. त्या न वाढलेल्या बिया. रानकेळीत त्याच जागी टणक, दाताखाली कचकचणाऱ्या बिया असतात. आपल्या खायच्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. बीजपेशी तयार होताना तिनाची दोघांत सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. मग कंदातून मुनवा, म्हणजे बुंध्याशी येणारं नवं रोप, फुटतो. तो म्हणजे मूळ झाडाचंच शरीर पुढे वाढलेलं, जनुकं तीच.

प्रश्न : मी केळीची टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली) रोपं लावली. तरी मर रोगाची भीती का?

कारण ही रोपं लावताना निरोगी असतात, रोगाला दाद न देणारी नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ केळ्याचं राज्य होतं. जमिनीतल्या फ्युजेरियम बुरशीने, म्हणजे पनामा मर रोगाने, मध्य अमेरिकेतले मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. सगळी झाडं एकसारखी. एक बळी पडलं तिथे शेजारचं कसं वाचणार? मग कॅव्हेंडिश गट आला, कारण तो त्या रोगापुढे टिकला. जळगावची ग्रँड नैन याच गटातली. आता ‘टीआर-४’ हा बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो भारतात पोहोचला आहे. तेव्हा कळकळीने सांगतो, माहीत नसलेल्या बागेतले मुनवे आणू नका आणि बाहेरून आलेली अवजारं, चिखलाचे बूट धुतल्याशिवाय बागेत नेऊ नका.

प्रश्न : उसाला तुरा येतो, तरी आपण बी का पेरत नाही?

तुऱ्यातल्या प्रत्येक बियाचा ऊस निराळा निघतो. नवा वाण शोधणाऱ्याला तेच हवं असतं. कोइम्बतूरची ऊस पैदास संस्था १९१२ पासून हेच काम करते. ‘को ८६०३२’ हा वाण तिथलाच. शेतकऱ्याला मात्र निवडलेला ऊस जसाच्या तसा हवा, म्हणून डोळ्याची टिपरी, म्हणजे कोंब फुटणारा डोळा असलेले उसाचे तुकडे, बेणं म्हणून लावायची. फक्त बेण्यात रोग असेल तर तोही सोबत येतो.

प्रश्न : पिकावरच्या माव्यात (रस शोषणारी बारीक कीड) नर कधीच दिसत नाही. असं का?

आपल्या उबदार हवेत मादी नराशिवाय, अंडी न घालता थेट पिल्लं देते आणि त्याही माद्याच. भिंगातून थोडा वेळ पाहिलंत, तर मागच्या बाजूने बाहेर येणारं पिल्लू दिसेल. त्याच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ तेव्हाच वाढायला लागलेले असतात. म्हणून पानाखाली चार-दोन दिसले, त्याच दिवशी बंदोबस्त करा.