स्पोर्ट्स मॅनेजमेंट करायचंय, पण स्पर्धा संपल्यावर काय?

प्रश्न : सोलापुरात आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार हे कळल्यापासून तिने स्पोर्ट्स मॅनेजमेंटचाच हट्ट धरलाय. अशा स्पर्धांनी शहरं कर्जात बुडतात असं वाचतो. पंधरा दिवसांच्या कामावर आयुष्य कसं उभं राहणार? त्यापेक्षा सी.ए. कर म्हणून सांगू का? – एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. तुमची भीती अनाठायी नाही. माँट्रियलने १९७६ मध्ये ऑलिंपिक भरवलं आणि त्याचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. १९६० पासूनच्या ऑलिंपिकचा हिशेब ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी मांडला, तेव्हा प्रत्येक वेळी खर्च मूळ अंदाजाच्या वर गेलेला दिसला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा घेतो म्हणून २०२३ मध्ये हात वर केले. खर्चाचा अंदाज २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवरून ६ अब्जांच्या पुढे चालला होता. शेवटी ग्लासगोने ती स्पर्धा घेतली, तीही अवघ्या दहा खेळांवर आणून. हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन वगळावे लागले.

असं का होतं, हे तुम्ही कारखानदार म्हणून चटकन ओळखाल. उद्घाटनाची तारीख एक दिवसही पुढे सरकत नाही. काम रखडलं की शेवटच्या काही महिन्यांत ठेकेदार सांगेल तो भाव द्यावा लागतो, घासाघीस करायला वेळच उरत नाही. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेला हेच झालं. स्पर्धेच्या तोंडावर नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, पुढे चौकशा लागल्या आणि अनेक पुरवठादारांची बिलं वर्षानुवर्षं अडकून पडली. अडकलेलं बिल काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

उलट लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये बहुतेक जुनीच स्टेडियम वापरली, पैसा खासगी कंपन्यांकडून उभा केला आणि २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक टाकली. तेव्हा तोटा हा खेळांच्या नशिबातच असतो असं नाही. काय बांधायचं, काय भाड्याने घ्यायचं आणि स्पर्धेनंतर ते स्टेडियम कोण चालवणार, हे आधी ठरवणारी माणसं लागतात. मैदानात फिरायला हौशी मुलं खूप मिळतात, पण अंदाजपत्रक वाचून ‘हे परवडणार नाही’ म्हणणारं माणूस शोधावं लागतं. म्हणून तुमच्या मुलीचं बी.कॉम. मला फार मोलाचं वाटतं. ते तिने मन लावून पूर्ण करावं. जोडीला सी.ए.पेक्षा मी सी.एम.ए. (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) सुचवीन, कारण खर्चाचा अंदाज आणि नियंत्रण हा त्याचा गाभाच आहे.

दुसरी बाजू माणसांची. या बाजूकडे अभ्यासक्रमांत फार कमी लक्ष दिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. कतारमध्ये २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाला दोनच दिवस उरले असताना, बिअर कंपनीशी प्रायोजकत्वाचा करार झालेला असूनही, स्टेडियममधली बिअर बंद केली गेली. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या स्वतःच्या खेळाडूंना हिजाब घालून उतरता आलं नाही, त्यावरून वाद पेटला. गुजरातेत दारूबंदी आहे. तिथे पाहुण्यांचं खाणं-पिणं, राहणं, भाषा, श्रद्धा हे सगळं स्थानिकांना न दुखावता कसं जुळवायचं? आणि स्टेडियमसाठी ज्यांच्या झोपड्या उठतात, त्यांच्याशी कोण बोलणार?

हे शिकायला सोलापूरसारखं गाव नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू कानावर पडतच इथली पोरं मोठी होतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, तेव्हा कोणाचा मान कुठे, मिरवणूक कोणत्या चौकात किती वेळ थांबणार, होम मैदानावरच्या दुकानांची जागा, पाणी, वाहतूक, हे सारं जमवावं लागतं. पुढच्या यात्रेत तिने भाविक म्हणून दर्शन घ्यावंच, पण एक दिवस वही घेऊन देवस्थानची पंच कमिटी, महापालिका आणि पोलीस यांचं काम कसं वाटलेलं आहे तेही टिपून आणावं. सोलापुरात आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) महिला टेनिस स्पर्धाही झाल्या आहेत. पुन्हा झाली तर स्वयंसेवक म्हणून नाव द्यावं. चेंडू, पंचांचं जेवण, खेळाडूंची ने-आण यांचा खर्च पावत्यांसकट मांडून पाहिला, तर वर्गात वर्षभर बसून कळणार नाही ते कळेल.

पदवीनंतर पुण्यात सिम्बायोसिसचं स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं एम.बी.ए. आहे, मुंबईतही अभ्यासक्रम आहेत. फी भरण्याआधी तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांशी बोला. पहिली नोकरी कुठे लागली हे विचारू नका, आज कुठे आहेत ते विचारा. आयोजन समितीतली नोकरी कंत्राटी असते, स्पर्धा संपली की तीही संपते, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. टिकाऊ काम स्टेडियम चालवणाऱ्या संस्थांत, लीगच्या संघांत, महासंघांत, क्रीडासाहित्याच्या कंपन्यांत आणि ऑडिट करणाऱ्या फर्ममध्ये असतं.

‘सी.ए. नाहीतर काही नाही’ अशी अट मात्र तिला घालू नका. या सुट्टीत कारखान्यात बसवा आणि क्रीडाग्रामासाठी दहा हजार टॉवेलांचं टेंडर निघालं असं समजून त्याचं कोटेशन तयार करायला सांगा. सूत, रंगाई, मजुरी, वाहतूक, उशिराचा दंड आणि सहा महिने थकलेल्या बिलावरचं व्याज, सगळं त्यात धरायला लावा. ते वाचल्यावर तिच्याशी पुन्हा बोला आणि मला कळवा.