बटणाखालचा उजेड आणि काळोख

प्रश्न : मी साठ बटणांचा कीबोर्ड स्वतः बनवतो आहे. धातूच्या स्विचऐवजी प्रत्येक बटणाखाली एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की करंट सोडणारा सेन्सर) आणि बटण दाबलं की मधला किरण अडणार, अशी योजना आहे. असा कीबोर्ड नेहमीच्यापेक्षा चपळ होईल ना? मित्राचं म्हणणं, साठ जोड्या कशाला, कडेने आडव्या-उभ्या किरणांची जाळी लावली की झालं. कोणाचं ऐकू?

उत्तर : मित्राचं ऐकू नका, आणि चपळाईची आशाही जरा आवरा. किरणाला सेंटिमीटरभर अंतर कापायला नॅनोसेकंदाचा तिसावा भाग लागतो हे खरं. पण फोटोट्रान्झिस्टरलाच सावरायला दहा-पंधरा मायक्रोसेकंद लागतात, त्याला जोडलेला लोडचा रेझिस्टर मोठा घेतलात तर आणखी जास्त. शिवाय अशा छोट्या चिपच्या यूएसबीवर संगणक ‘काही आहे का?’ असं विचारतो ते फार तर मिलिसेकंदातून एकदा. धातूचा स्विच मागे पडतो असं म्हणतात ते त्याची पट्टी टेकताना थरथरते म्हणून. ती थांबेपर्यंत प्रोग्राम पाचेक मिलिसेकंद वाट बघतो. पण पहिल्या स्पर्शालाच ‘दाबलं’ अशी नोंद करून पुढची थरथर दुर्लक्षित केली, तर तो वेळही वाचतो. जाहिरातींतला वेग बराचसा इथेच विरघळतो.

मग प्रकाश कशासाठी? धातूला धातू टेकत नाही म्हणून. गंज नाही, संपर्काची झीज नाही, थरथर नाही. माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

आता मित्राची जाळी. पहिल्या रांगेतलं पहिलं आणि दुसऱ्या रांगेतलं दुसरं बटण एकदम दाबा. दोन आडवे आणि दोन उभे किरण अडले. त्यांचे छेद चार, आणि त्यातले खरे दोन कोणते हे सांगायला जाळीकडे काहीच नाही. शिफ्ट धरून अक्षर टाइप करायचं असेल तर हे परवडत नाही.

साठ जोड्या घ्या, पण साठही एलईडी सतत पेटते ठेवू नका. प्रत्येकी १० मिलिअँपिअर धरले तरी ६०० होतात, यूएसबी २.० चा नेहमीचा पोर्ट देतो ५००. पाच रांगा, बारा स्तंभ करा. एका वेळी एकच रांग पेटवा. तिचे १२० मिलिअँपिअर चिपच्या पायाला झेपणार नाहीत, म्हणून रांगेमागे एक मॉस्फेट (जास्त करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), आणि प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. फोटोट्रान्झिस्टरांचे कलेक्टर, म्हणजे करंट आत घेणारे पाय, सगळे पुरवठ्याला. एमिटर, म्हणजे करंट बाहेर सोडणारे पाय, स्तंभागणिक एकत्र जोडून एका रेझिस्टरमार्गे जमिनीला (ग्राउंडला). ज्या रांगेत उजेड तिचेच फोटोट्रान्झिस्टर बोलतात, त्यामुळे भुताटकीची, म्हणजे न दाबताच नोंदली जाणारी, बटणं येत नाहीत आणि वेगळे डायोडही लागत नाहीत.

एटीमेगा३२यू४ या चिपला एडीसीचे (व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करणाऱ्या भागाचे) बरोबर बारा पाय आहेत, म्हणून मी तीच चिप सुचवेन. (त्यातले चार जेटॅगने, म्हणजे चिप तपासायच्या सोयीने, अडवलेले असतात. ती सोय आधी बंद करा, नाहीतर चारच स्तंभ विचित्र का वागतात याचा शोध घेत बसाल.) पाच रांगांचं वाचन, शिवाय सगळे एलईडी विझवून एक ‘काळोखाचं’ वाचन : सहा गुणिले बारा, बहात्तर. एका वाचनाला एडीसीचे १३ ठोके लागतात. १२५ किलोहर्ट्झच्या ठोक्यावर हे १०४ मायक्रोसेकंद, म्हणजे फेरीला साडेसात मिलिसेकंद, फारच संथ. ठोका १ मेगाहर्ट्झवर न्या, फेरी मिलिसेकंदाच्या आसपास येईल. शेवटचे एक-दोन बिट डळमळतात, पण इथे आठ बिट पुष्कळ झाले.

काळोखाचं वाचन प्रत्येक रांगेसाठी वेगळं घ्यायची गरज नाही. एमिटर एकत्र असल्यामुळे बाहेरून शिरलेला उजेड स्तंभात एकच बेरीज होऊन येतो, रांग कोणतीही पेटवा. ती बेरीज पाचही वाचनांतून वजा करायची.

प्रश्न : मीही असाच कीबोर्ड केला आहे. सांगाडा काळ्याकुट्ट प्लास्टिकचा छापला. तरी काही बटणं दाबूनही नोंदत नाहीत आणि खिडकीजवळ बसलं की त्रास वाढतो. असं का?

उत्तर : तुमचं काळं प्लास्टिक बहुधा इन्फ्रारेडला काळं नाहीच. बऱ्याच काळ्या रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड आरपार जातं. तुमच्या फोटोट्रान्झिस्टरचं आवरण काळं असेल तर पुरावा तुमच्या हातातच आहे : ते डोळ्यांना अपारदर्शक, पण इन्फ्रारेडसाठी खिडकी. सांगाड्याची परीक्षा करायची तर खोलीत अंधार करा, प्लास्टिकचा तुकडा पेटत्या एलईडीवर धरा आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. आधी एलईडी उघडा असताना तो जांभळट दिसतो ना, याची खात्री करा, कारण काही कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. मग तुकड्यातूनही जांभळट डाग दिसला, तर किरण अडवायचं तुमचं पातंच गळतंय. काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळलेलं प्लास्टिक वापरा, किंवा पात्याला आणि दोन बटणांमधल्या भिंतींना धातूची चिकटपट्टी लावा.

खिडकीचं दुखणं वेगळं. वजाबाकीने मंद उजेड जातो, पण ऊन थेट आत पडलं की रेझिस्टरवरचं व्होल्टेज आधीच टोकाला टेकतं. मग एलईडी पेटवला काय आणि विझवला काय, आकडा तोच. अशा वेळी रेझिस्टर लहान घ्या, एलईडीला क्षणभरच पण जास्त करंट द्या, आणि ८५० ऐवजी ९४० नॅनोमीटर तरंगलांबीची जोडी निवडा. हवेतली वाफ ९४० च्या आसपासचं ऊन बरंच गिळते.

आणखी एक पाहा. सगळ्या बटणांना ‘दाबलं’ समजायची एकच मर्यादा लावली आहे का? एकाच पाकिटातल्या दोन फोटोट्रान्झिस्टरांच्या करंटमध्ये दुपटीचा फरक सहज निघतो. प्रत्येक बटणाचा मोकळा आणि पूर्ण दाबलेला आकडा एकदा टिपून ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) ठेवा. मग किरण ६० टक्के अडला की ‘दाबलं’, ४० च्या खाली आला की ‘सोडलं’. मधली फट ठेवली नाहीत तर धातूची थरथर घालवून प्रकाशाची थरथर घरात आणाल.

प्रश्न : बटण किती खोल गेलं हेही प्रकाशाने मोजता येईल का?

उत्तर : येईल. पात्याची कड सरळ न ठेवता तिरकी कापा, म्हणजे किरण हळूहळू झाकला जातो. परावर्तनाचा, म्हणजे बटणावरून परत आलेला उजेड मोजणारा, सेन्सर बटणाखाली बसवायचा मोह मात्र टाळा. टीसीआरटी५००० या अशाच सेन्सरचा सर्वांत मोठा सिग्नल अडीच मिलिमीटरवर मिळतो. त्याहून जवळ गेलात तर तो पुन्हा घसरतो. बटणाची चाल असते चारेक मिलिमीटर, त्यामुळे तोच आकडा दोन वेगवेगळ्या अंतरांवर मिळतो. तोच सेन्सर वापरायचा हट्ट असेल तर बटण पूर्ण दाबल्यावरही तीन मिलिमीटर अंतर उरेल इतका तो खाली बसवा.