हिशोबाची वही : पॅडेल कोर्ट आणि चौथा गडी

प्रश्न : नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आम्हा दोघा भावांची 11 गुंठे जागा रिकामी पडून आहे. तिथे पॅडेलची (काचेच्या भिंतींच्या कोर्टात चौघांनी खेळायचा टेनिससारखा खेळ) दोन कोर्टं टाकायचा विचार आहे. कोटेशन 52 लाखांचं आलंय (सोबत जोडलंय). तासाला 1,200 रुपये, सकाळी 6 ते रात्री 10 असे 16 तास, दोन कोर्टं. महिन्याला साडेअकरा लाख होतात. म्हणजे पाच महिन्यांत पैसे वसूल. बँक 40 लाख द्यायला तयार आहे. धाकटा भाऊ म्हणतो, दुसऱ्या कुणी टाकायच्या आत उरकून घेऊ. काय करावं? (नाव छापू नये.)

उत्तर : तुमचा गुणाकार बरोबर आहे. साडेअकराच येतात. पण बँकेच्या कर्जखात्यात मी 19 वर्षं काढली, आणि टेबलावर येणाऱ्या प्रत्येक मंगल कार्यालयाच्या अर्जात वर्षाचे सगळेच दिवस मुहूर्ताचे असायचे. तुमचे 16 तास तसेच आहेत. मंगळवारी दुपारी दोन वाजता नाशकात कोण खेळतं? सकाळचे दोन-तीन तास आणि संध्याकाळी सहानंतरचे चार, एवढाच माल खपणारा. उरलेला तास कोथिंबिरीसारखा. त्या दिवशी गेला नाही तर दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळले म्हणून सांगते. 2018 साली मी आणि माझ्या दिरांनी चिंचवडला बॉक्स क्रिकेटचं टर्फ काढलं. पहिले आठ महिने पोरं रांग लावून. दीड वर्षात त्याच रस्त्यावर आणखी तीन टर्फ आली आणि 1,600 रुपयांचा तास 900 वर आला. बँकेचा हप्ता मात्र होता तेवढाच. तेव्हा धाकट्या भावाची घाई मला समजते, पण पहिला असण्याचा फायदा जेमतेम एक-दोन हंगाम टिकतो. स्वीडनमध्ये कोविडच्या काळात अशीच धडाधड कोर्टं उभी राहिली आणि 2022 नंतर कितीतरी केंद्रांनी दिवाळं काढलं. लोकांनी खेळणं सोडलं नव्हतं, कोर्टं फार झाली होती.

क्रिकेटपेक्षा पॅडेलची एक अडचण वेगळी. टर्फवर बारा-चौदा पोरं वर्गणी काढतात, दोघं आले नाहीत तरी मॅच होते. पॅडेलला चौघंच लागतात, माणशी 300. त्यातल्या एकाची मीटिंग लांबली की उरलेले तिघं घरी. म्हणून तुमचा खरा धंदा कोर्टाचा नाही, चौथा गडी आणून देण्याचा. काउंटरवरचा माणूस नुसता पावत्या फाडणारा नको. कोण नवशिका, कोण जोरात मारतो, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे त्याला तोंडपाठ हवं, आणि साडेसहाचा खेळ मोडतोय असं दिसताच सहा वाजता त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरून माणूस उभा करायला हवा. असा पोरगा मिळाला तर त्याला पाच हजार जास्त द्या.

आता माझा हिशोब. कोर्टामागे रोज सरासरी पाच तास, सवलती-मेंबरशिप जाऊन तासाला 1,000. दोन कोर्टांचे महिन्याला 3 लाख. तुमची कोर्टं बिनछपराची आहेत, तेव्हा पावसाळ्याचे चार महिने निम्मेच धरा. काच ओली झाली की चेंडू नीट उसळत नाही, कृत्रिम हिरवळीत भरलेली वाळू गोळा होते, खेळणारे पाय घसरून पडतात. वर्षाचे झाले 30 लाख. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांवर गेली की जीएसटी आला. 18 टक्के याच रकमेतून काढले तर हातात साधारण 25 लाख 40 हजार. (यंत्रसामग्रीवर भरलेल्या करातलं किती परत मिळेल, ते सीएला आधी विचारा.) महिन्याचा खर्च : दोन माणसं 36 हजार, वीज 25, सफाई-बुकिंग-किरकोळ 15, दुरुस्तीसाठी बाजूला 20, आणि जागेचं भाडं 40. एकूण 1 लाख 36 हजार, वर्षाला 16 लाख 32 हजार. शिल्लक 9 लाखांच्या आसपास. 40 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांचं घेतलंत तर हप्ता महिन्याला जवळपास 87 हजार, वर्षाला साडेदहा लाख. दीड लाख घरातून घालायचे.

‘जागा तर आमचीच, भाडं कसलं?’ असं म्हणाल. मग ते 40 हजार तुम्ही दोघं भाऊ धंद्याला देणगी देताय. द्या, पण ठरवून द्या. सातबाऱ्यावर दोघांची नावं आणि काउंटरवर एकटा धाकटा बसलेला, असं झालं की तिसऱ्या वर्षी जावांची बोलणी बंद होतात. जमीन अजून शेतीची असेल तर बिगरशेतीचं आधी बघा. कोर्ट 20 बाय 10 मीटर, म्हणजे जेमतेम दोन गुंठे. 11 गुंठ्यांत जागेची अडचण नाही. अडचण शेजारच्या सोसायटीची. रात्री नऊला काचेवर चेंडूचा ठप्प-ठप्प आवाज तिसऱ्या मजल्यावर जातो. त्या लोकांशी पायाभरणीआधी बोला.

माझं मत : एकच कोर्ट टाका, कर्ज 20 लाखांच्या आत ठेवा, दुसऱ्याचा पाया आणि वायरिंग मात्र आत्ताच करून ठेवा. छपराचा विचार असेल तर खांब कुठे येणार तेही आजच ठरवा. आत किमान सहा मीटर उंची मोकळी लागते, साध्या गोडाऊनच्या शेडने भागत नाही.

आणि तुमच्या कोटेशनबद्दल. त्यात काँक्रीटचा पाया नाही, पाण्याचा निचरा नाही, स्वच्छतागृह नाही. मागच्या भिंतीच्या काचेचा एक तक्ता दोन मीटर रुंद, तीन मीटर उंच. 12 मिलीमीटर जाडीचा असेल तर वजन 180 किलोच्या घरात. ही काच टफन झाल्यावर (म्हणजे तापवून मजबूत केल्यावर) कापता येत नाही, भोकंही पाडता येत नाहीत. फुटली की तिचा चुरा होतो आणि त्याच मापाची नवी येईपर्यंत कोर्ट बंद. एक तक्ता जादा मागवा, आणि त्याचा भाव कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या.