गेमिंगचा कीबोर्ड आणि माउस : १४,४०० रुपयांचा संच हप्त्यावर घ्यावा का?

सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणाऱ्या आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या वाचकांचे पत्र माझ्यासमोर आहे. पगार हातात २३,००० रुपये येतो. मार्केट यार्डात त्यांच्या मामांची हळदीची अडत आहे. तिथल्या टॅलीच्या नोंदी ते रात्री घरून करून देतात आणि त्याचे १,५०० रुपये मिळतात. घरात १२,००० रुपये द्यावे लागतात, मोटारसायकलचा हप्ता २,९०० रुपये आहे आणि स्वतःचा खर्च ४,६०० रुपयांपर्यंत जातो. बचत खात्यात ३१,००० रुपये आहेत. रात्री ते व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ खेळतात. सध्याचा कीबोर्ड आणि माउस जुन्या संगणकाबरोबर आलेले साधे आहेत. आता मॅग्नेटिक स्विचचा ९,५०० रुपयांचा कीबोर्ड आणि ४,९०० रुपयांचा बिनतारी माउस, असा १४,४०० रुपयांचा संच सहा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा असे त्यांच्या मनात आहे. मामांनी त्यात सुचवले आहे की, ‘बिल दुकानाच्या नावावर घे, जीएसटीचे पैसे तरी सुटतील.’ घेऊ का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

महोदय, तुमचा छंद वायफळ आहे असे मी म्हणणार नाही. दिवसभर कारखान्यात उभे राहून आलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून दीड-दोन तास खेळावे आणि त्यासाठी चांगले साधन घ्यावे, यात गैर काही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की या १४,४०० रुपयांपैकी मोठा भाग तुमच्या खेळात दिसणारच नाही, आणि ज्या भागाने खरा फरक पडेल तो हप्त्याशिवाय, रोखीने घेता येईल.

आधी माउसचा विचार करू, कारण निशाणा माउसवर अवलंबून असतो आणि तुमची मुख्य तक्रारही निशाणा चुकण्याची आहे. साधा यूएसबी माउस सहसा सेकंदाला १२५ वेळा आपली जागा संगणकाला कळवतो, म्हणजे दोन निरोपांमध्ये ८ मिलीसेकंदांचे अंतर राहते. गेमिंगसाठी बनवलेला माउस, अगदी स्वस्तातलाही, सहसा सेकंदाला १,००० वेळा कळवतो आणि हे अंतर एका मिलीसेकंदावर येते. ही सुधारणा खरी आहे आणि हाताला जाणवते. तुमच्या यादीतला माउस मात्र ८,००० वेळा कळवण्याचे आश्वासन देतो. त्याने ते अंतर एक अष्टमांश मिलीसेकंदावर येईल, म्हणजे आणखी वाचला तर एक मिलीसेकंदही पुरता वाचणार नाही. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. असा मॉनिटर नवे चित्र दर १६.७ मिलीसेकंदांनी दाखवतो. माणसाच्या डोळ्याने पाहून बोटाने दाबण्यालाच साधारण २०० मिलीसेकंद लागतात. अशा साखळीत एका मिलीसेकंदाहून कमी बचतीसाठी हजारो रुपये मोजणे म्हणजे गळक्या टाकीला चांदीचा नळ बसवण्यासारखे होईल.

माउसच्या खोक्यावर छापलेल्या डीपीआयच्या, म्हणजे माउस एक इंच हलवल्यावर पडद्यावरचा बाण किती ठिपके सरकतो त्या आकड्याबद्दलही हेच म्हणता येते. २६,००० डीपीआय हा आकडा मोठा दिसतो, पण स्पर्धेत उतरणारे बहुतेक खेळाडू ४०० ते १,६०० यांच्या दरम्यानच माउस ठेवतात, कारण त्याहून जास्त संवेदनशीलतेत हात स्थिर राहत नाही. म्हणून आकड्यापेक्षा माउसचा आकार, वजन आणि तुमची पकड यांना महत्त्व द्या. तुम्ही पूर्ण तळवा टेकवून माउस धरता की फक्त बोटांच्या टोकांनी, यावर कोणता माउस मानवेल हे ठरते, आणि ते छायाचित्र पाहून कळत नाही. दुकानात जाऊन दोन-तीन माउस हातात धरून पाहावेच लागतात. लॉजिटेकचा जी१०२ हा तारेचा माउस किंवा त्याच तोडीचा दुसऱ्या कंपनीचा माउस साधारण दीड ते दोन हजारांत येतो, आणि तुमच्या गरजेला तो पुरेसा आहे. बिनतारीच हवा असेल तर जी३०४ सारखा, एका पेन्सिल सेलवर चालणारा माउसही तुमच्या यादीतल्या माउसपेक्षा बराच स्वस्त पडतो. मात्र त्याचे वजन सेलसह ९९ ग्रॅम भरते आणि हलक्या माउसची सवय असलेल्याला ते जड वाटते. माउसबरोबर चार-पाचशे रुपयांचा मोठा कापडी पॅड जरूर घ्या. तुम्ही आज टेबलाच्या गुळगुळीत सनमायक्यावर माउस फिरवता, तिथे सेन्सर कितीही चांगला असला तरी हाताला रोखणारे घर्षण मिळत नाही. या सगळ्या खरेदीत रुपयामागे सर्वांत जास्त फायदा मला या पॅडमध्ये दिसतो.

आता कीबोर्ड. मॅग्नेटिक स्विच हा भूलथापांचा प्रकार नाही, हे मी आधी मान्य करतो. साध्या मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असलेल्या कीबोर्डमध्ये कळ साधारण २ मिलिमीटर खाली गेली की संपर्क जुळतो आणि ती ठराविक उंचीपर्यंत वर आल्यावरच सुटतो. मॅग्नेटिक स्विचमध्ये चुंबकाची जागा सेन्सर सतत मोजत असतो, त्यामुळे बोट किंचित उचलताच कळ सुटली असे संगणकाला समजते. व्हॅलोरंटमध्ये पळता पळता थांबून गोळी झाडली तरच ती नेमकी लागते, म्हणून लवकर सुटणारी कळ तिथे खरोखर उपयोगी पडते. पण तो फायदा ज्याचे पायांचे आणि निशाण्याचे गणित आधीच पक्के बसले आहे त्याला मिळतो. शिवाय अशा कीबोर्डांची आणखी एक खुबी, म्हणजे एका दिशेची कळ दाबलेली असताना विरुद्ध दिशेची दाबली की पहिली आपोआप सुटण्याची सोय, वॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ या अशाच गोळीबाराच्या खेळाच्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर बंद केली. ज्या सोयीवर उद्या खेळ चालवणारी कंपनीच फुली मारू शकते, तिच्यासाठी आज कर्ज काढू नये.

कीबोर्ड घेण्याआधी एक फुकटची परीक्षा करा. ब्राउझरमध्ये कीबोर्ड तपासण्याची कुठलीही मोफत सोय उघडा आणि डब्ल्यू, ए, शिफ्ट आणि स्पेस या कळा एकदम दाबा. मग डब्ल्यू, डी, कंट्रोल आणि आर दाबून पाहा. स्वस्त मेम्ब्रेन, म्हणजे कळांखाली एकच पातळ पडदा असलेल्या कीबोर्डमध्ये काही कळा एकत्र दाबल्या की एखादी नोंदवलीच जात नाही. तुमच्या कीबोर्डावर सगळ्या कळा उमटत असतील, तर तो बदलण्याची घाई नाही; दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबता येईल. एखादी कळ गळत असेल तर मात्र नवा कीबोर्ड घेणे रास्त आहे, कारण तिथे चूक तुमच्या हाताची नाही.

घ्यायचाच झाला, तर दोन-अडीच ते तीन हजारांतला मेकॅनिकल कीबोर्ड पुरतो. हे भाव इतके खाली कसे आले याला कारण आहे. या स्विचचा प्रसिद्ध नमुना जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणला आणि पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच रचनेचे स्विच बनवायला सुरुवात केली. आज स्वस्त कीबोर्डातल्या स्विचलाही सहसा पाच कोटी दाबांचे आयुष्य सांगितले जाते. शक्य तर स्विच हाताने उपसून बदलता येतो असा कीबोर्ड निवडा, म्हणजे एक कळ बिघडली तर वीस-तीस रुपयांच्या स्विचवर काम भागेल आणि अख्खा कीबोर्ड टाकावा लागणार नाही. शेजारच्या खोलीत आईवडील झोपतात असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा टकटक आवाज करणारे निळे स्विच टाळून कमी आवाजाचे लाल घ्या. आणि ज्या लहान कीबोर्डाचे चित्र तुम्ही पाठवले आहे तो ६१ कळांचा आहे. त्यावर उजवीकडचा आकड्यांचा भाग नाही. मामांच्या टॅलीत रोज हिशेबपट्ट्यांचे आणि वजनांचे आकडे भरणाऱ्या माणसाने तो भाग सोडणे म्हणजे दरमहा १,५०० रुपये मिळवून देणारे काम स्वतःच अवघड करून घेणे होय. टेबलावर जागा असेल तर १०४ कळांचा पूर्ण कीबोर्ड घ्या. जागा कमी असेल तर ८७ कळांचा घेऊन आकड्यांची वेगळी पट्टी जोडता येते, पण तो खर्च आणि तारांचा पसारा मला तरी आवडत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज आले आहे : राउटर खालच्या मजल्यावर आहे आणि वरच्या खोलीत वायफाय अधूनमधून अडखळते. माझ्या मते सगळ्यांत आधी दुरुस्त करायची गोष्ट हीच आहे. वायफाय अडखळले की एका झटक्यात पन्नास-शंभर मिलीसेकंद जातात, आणि ते कुठलाही कीबोर्ड भरून काढू शकत नाही. राउटर थेट संगणकाला जोडणारी, जिन्यावरून वर येणारी पंधरा मीटरची लॅन केबल काही शे रुपयांत मिळते.

आता हप्त्यांकडे वळतो. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. ‘बिनव्याजी’ योजनेत व्याज असतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो आणि बँक ती व्याज म्हणून घेते. १४,४०० रुपयांचे २,४०० रुपयांचे सहा हप्ते वार्षिक १५ टक्के दराने धरले, तर त्यातले व्याज सुमारे ६१० रुपये होते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११० रुपये, तुमच्या खिशातून जातो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये धरले तर करासह २३५ रुपये. म्हणजे ‘बिनव्याजी’ खरेदीत ३४५ रुपये जादा गेले, आणि रोखीवर मिळू शकणारी सूट गेली ती वेगळीच. रक्कम लहान आहे हे खरे. पण एखादा हप्ता चुकला आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली, तर त्यावर वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकते, आणि तिथून पुढे रक्कम लहान राहत नाही.

तुमचा महिन्याचा एकूण खर्च १९,५०० रुपये आहे. तीन महिन्यांचा राखीव निधी ५८,५०० रुपये हवा. हातात ३१,००० आहेत, म्हणजे २७,५०० कमी पडतात. तुमची शिल्लक दरमहा ५,००० रुपये राहते. हप्ता सुरू झाला की ती २,६०० वर येईल आणि निधी पूर्ण व्हायला नववा महिना लागेल. मी सांगतो त्याप्रमाणे माउस, पॅड, केबल आणि गरज पडली तर कीबोर्ड यांवर सुमारे ५,५०० रुपये घातले, तर तोच निधी सातव्या महिन्यात पुरा होईल. फरक दोनच महिन्यांचा आहे, असे तुम्ही म्हणाल. मला काळजी आहे ती त्या सहा महिन्यांची, जेव्हा मोटारसायकलचा आणि संचाचा असे दोन हप्ते थांबवता न येणारे असतील. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा महापूर तुम्ही पाहिला आहे. कितीतरी कुटुंबांची कामे त्या दिवसांत बंद पडली, आणि हप्त्याची तारीख पाण्यासाठी थांबत नाही. ज्याच्या खात्यात तीन महिन्यांचा खर्च असतो त्याला त्या दिवसांत कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

मामांच्या सूचनेला मात्र स्पष्ट नकार द्या. १४,४०० रुपयांत जीएसटीचा भाग सुमारे २,२०० रुपये आहे, म्हणून मोह होणे समजू शकते. पण केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. तुमच्या खोलीत खेळासाठी असलेला संच अडतीच्या पुस्तकात दाखवला, तर चुकीचे क्रेडिट घेतल्याचा दोष मामांच्या नोंदणीवर येतो आणि तपासणीत ते व्याजासह फेडावे लागते. दुकानाच्या हिशेबासाठी साधा कीबोर्ड हवा असेल तर तो मामांनी घ्यावा, दुकानात ठेवावा आणि त्याचे क्रेडिट बिनधास्त घ्यावे.

क्रम असा ठेवा. या महिन्यात केबल आणि पॅड, पुढच्या महिन्यात दुकानात हाताळून पाहिलेला माउस, आणि परीक्षेत कळ गळली तरच कीबोर्ड. प्रत्येक वस्तूचे बिल तुमच्या नावावर घ्या आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवा. मी स्वतः घेतलेला एक माउस चौदा महिन्यांत एका दाबाला दोनदा क्लिक करू लागला होता. आतल्या सूक्ष्म स्विचचा संपर्क झिजला की असे होते. हमी दोन वर्षांची होती, पण कागदी बिलावरची शाई उडून गेली होती आणि विक्रेत्याने पुरावा नाही म्हणून हात वर केले. तुमचा माउस घेताना हमी एक वर्षाची आहे की दोन हे विचारा, आणि सांगलीतच तो जमा करता येईल की कुरिअरने पाठवावा लागेल, हेही दुकानातून निघण्याआधी विचारून घ्या.