ढेलज म्हणजे उंबरठा नव्हे

प्रश्न असा आहे : ‘सुनेनं वाड्याची ढेलज ओलांडली’ असं वाचलं. ढेलज म्हणजे उंबरठाच ना? आणि लिहायचं ढेलज की ढाळज?

उंबरठा मुळीच नाही. हिंदीत ‘दहलीज’ उंबरठ्यावर येऊन थांबली, म्हणून आपणही ढेलज ‘ओलांडायला’ लागलो. उंबरठा हे चौकटीचं खालचं लाकूड. ढेलजेत माणसं बसतात! बुलढाणा-वाशीमकडच्या जुन्या वाड्यात थोरल्या दारातून आत गेलं की दोन्ही अंगांना ओटे, भिंतीत दिव्याचे कोनाडे, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर आणि पुढे उघडा चौक. दार आणि चौक यांच्यामधली ही झाकलेली जागा म्हणजे ढेलज. परका माणूस इथंच थांबायचा. आतलं दार पुष्कळदा बाहेरच्या दारासमोर नसतं, थोडं सरकवलेलं असतं, म्हणजे रस्त्यावरून चौक दिसत नाही.

शब्द फारसी ‘दहलीज’चा. ‘द’चा ‘ड’ झाला, त्यात ‘ह’ मिसळला आणि ‘ढ’ झाला. फारसीत मूळ अर्थ दारामागची ओसरी, तोच आपल्या खेड्यांनी जपला. आणि फारसीत हृदयाच्या वरच्या कप्प्यालाही दहलीजच म्हणतात! रक्त आधी तिथं येतं, मग खालच्या कप्प्यात जातं. आपण त्याच कप्प्याला अलिंद म्हणतो, आणि संस्कृतात अलिंद म्हणजे घराच्या दारापुढचा सोपा. लॅटिनमधलं ‘एट्रियम’ हेही रोमन घराचं पुढचं दालन. तीन भाषांना हृदयात वाड्याची हीच जागा दिसली. याहून देखणी व्युत्पत्ती मला माहीत नाही.

संस्कृत ‘देहली’वरून ढेलज काढणाऱ्यांनी आधी शेवटचा ‘ज’ कुठून आला ते सांगावं. देहली म्हणजे उंबरठा. त्यावरचा दिवा घर आणि अंगण दोन्ही उजळतो, म्हणून तर एका गोष्टीनं दोन कामं साधली की देहलीदीपन्याय म्हणतात. ढेलजेच्या कोनाड्यातला दिवा ढेलजच उजळतो. वस्तूच वेगळी आहे, तर शब्द एक कसा?

उंबरठ्याचं नातं उंबराशी. संस्कृतात ‘उदुंबर’ म्हणजे झाडही आणि दाराचं खालचं लाकूडही. हल्ली मोटरसायकल आत घ्यायला उंबरठा कापतात. पण उंबरठ्यानंच चौकटीचे दोन्ही पाय बांधलेले असतात. तो गेला की पाय सरकतात, चौकट तिरपी होते आणि दार अडायला लागतं.

ढाळज हे त्याच शब्दाचं दुसरं रूप. आपल्या गावात जे बोलतात ते लिहा, फक्त स्त्रीलिंगी ठेवा : ती ढेलज, ती ढाळज.